नदी ‘पर्सन’ झाली, तर तिचा वहिवाटदार कोण?

आषाढी वारीच्या तोंडावर आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगू लागला की दोन-चार दिवस सगळ्यांचं लक्ष नदीकडे जातं आणि एक मागणी पुन्हा डोकं वर काढते: नदीला कायद्याने ‘पर्सन’चा दर्जा द्या. मग लगेच दोन तट पडतात. एक तट विचारतो, नदी काय माणूस आहे का? आज नदी, उद्या डोंगर, परवा रस्त्यावरचा दगड, हे थांबणार कुठे? दुसरा तट म्हणतो, नदी आपली आई आहे. आईला व्यक्ती म्हणायला पुरावा कसला मागता? मला हा वाद दोन्ही बाजूंनी चुकीचा चाललेला दिसतो. ‘पर्सन’ हा शब्द एखादी गोष्ट काय आहे याचं वर्णन करतो किंवा तिला मान देतो, असं दोन्ही तट गृहीत धरतात. रोजच्या इंग्रजीत तो शब्द माणसालाच वापरतात, हे खरं. कायद्यात मात्र त्याचं काम निराळं आहे. कोणाच्या नावावर मालमत्ता राहू शकते, कोणाला कोर्टाची पायरी चढता येते आणि कोणाकडून वसुली करता येते, एवढंच तो ठरवतो. हे ठरवणारी माणसं असतात आणि त्यांचे हितसंबंध असतात. नदीला हा दर्जा मिळावा, असं माझं मत आहे. पण तिच्या वतीने कोण बोलणार, कोणाच्या पैशावर बोलणार आणि हिशेब कोणाला देणार, हे न ठरवता दिलेला दर्जा नदीचं नुकसानच करेल, असंही मी तितक्याच ठामपणे म्हणतो.

‘पर्सन म्हणजे माणूस, यात चर्चा कसली’ असं म्हणणाऱ्यांनी आधी बायकांचा इतिहास पाहावा. कॉर्नेलिया सोराबजी 1866 साली नाशिकला जन्मल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि ऑक्सफर्डला जाऊन 1892 साली कायद्याची परीक्षा पास झाल्या. पदवी हातात पडायला 1922 साल उजाडलं, कारण स्त्रियांना पदवी द्यायलाच ऑक्सफर्डने 1920 साली सुरुवात केली. इकडे 1916 साली रेजिना गुहा यांनी कलकत्त्यात वकिलीची सनद मागितली. त्या कलकत्ता विद्यापीठाच्या कायद्याच्या पदवीधर होत्या. वकिलांविषयीच्या 1879 च्या कायद्यात ‘पुरुष’ अशी अट नव्हती. शिवाय कायद्यातल्या पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही धराव्यात, असा सर्वसाधारण नियमही होता. तरी उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने अर्ज फेटाळला. पुढे पाटण्यात सुधांशुबाला हाजरा यांच्या वाट्यालाही तेच आलं. शेवटी 1923 साली वेगळा कायदा करून स्त्रियांना वकिलीचं दार उघडावं लागलं.

यातली खोच नीट पाहायला हवी. 1860 च्या भारतीय दंडसंहितेत, ‘तो’ म्हणजे स्त्री असो वा पुरुष, कोणीही व्यक्ती, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. म्हणजे रेजिना गुहांनी चोरी केली असती तर त्या बिनतक्रार ‘पर्सन’ ठरल्या असत्या. सनद मागायला गेल्या तेव्हा ठरल्या नाहीत. तोच शब्द, तीच बाई, तेच सरकार. मग शब्दाच्या अर्थात हा फरक आला कुठून? कॅनडात हा प्रश्न अगदी उघडपणे विचारला गेला. सेनेटवर नेमण्यास पात्र अशा ‘पर्सन्स’मध्ये स्त्रिया येतात का? 1928 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘नाही’ म्हटलं. एमिली मर्फी आणि अल्बर्टा प्रांतातल्या आणखी चौघीजणी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे ब्रिटिश साम्राज्याच्या शेवटच्या अपील कोर्टापर्यंत गेल्या, आणि 18 ऑक्टोबर 1929 रोजी तिथले न्यायाधीश लॉर्ड सँकी यांनी निकाल दिला की येतात. स्त्रियांना सार्वजनिक पदांपासून दूर ठेवणं हा रानटी काळाचा उरलेला अवशेष आहे, असं त्यांनी म्हटलं. एमिली मर्फी तेव्हा कित्येक वर्षं मॅजिस्ट्रेट म्हणून लोकांना शिक्षा सुनावत होत्या. सँकींनी ‘पर्सन’चा अर्थ शब्दकोशातून शोधून काढला नाही. स्त्रियांना बाहेर ठेवण्याचं कारण द्या, असं त्यांनी विरोधकांनाच सांगितलं.

तेव्हा ‘पर्सन’ची हद्द कधी निसर्गाने आखली होती, असं मला कोणी सांगू नये. अमेरिकेच्या मूळ राज्यघटनेत गुलामांना ‘इतर पर्सन्स’ म्हटलंय. ते प्रतिनिधींची संख्या ठरवताना तीन पंचमांश धरण्यापुरतं. 1879 साली नेब्रास्कातल्या ओमाहा इथे पोंका जमातीचे प्रमुख स्टँडिंग बेअर यांना, मूळनिवासी माणूस हा कायद्यापुढे ‘पर्सन’ आहे, हे कोर्टातून मिळवावं लागलं. आणि 1886 पर्यंत त्याच देशात रेल्वे कंपन्यांना, गुलामगिरीनंतर काळ्या माणसांसाठी घातलेल्या चौदाव्या दुरुस्तीतल्या ‘पर्सन’ या शब्दाचं संरक्षण मिळू लागलं होतं. जिवंत माणसं रांगेत उभी असताना कंपन्या पुढे गेल्या.

आता आपल्याकडे या. नदी व्यक्ती कशी, असं विचारणाऱ्याला मी गावातला देवस्थानाच्या इनाम जमिनीचा सातबारा बघायला सांगेन. त्यावर भोगवटादार म्हणून देवाचं नाव असतं आणि सोबत वहिवाटदार म्हणून पुजाऱ्याचं किंवा पंचांचं. हे कोणाला विचित्र वाटत नाही. देव ही कायद्याची व्यक्ती आहे, हे आपली कोर्टं शतकाहून अधिक काळ मानत आली आहेत. मुंबई उच्च न्यायालयाचा 1887 सालचा, गुजरातमधल्या डाकोरच्या देवळाबद्दलचा निकाल यातला पायाचा दगड. रणछोडरायाच्या देवळात भक्त जे वाहतात ते आमच्या मालकीचं, असं तिथल्या सेवकांचं म्हणणं होतं. कोर्टाने सांगितलं की दान देवाचं आहे, तुम्ही विश्वस्त आहात आणि हिशेब द्यावा लागेल. त्या खटल्यात देव ‘खरोखर’ व्यक्ती आहे का, यावर तत्त्वज्ञान झडलं असेल-नसेल, पण प्रत्यक्ष परिणाम काय झाला? देवाच्या नावाने गोळा होणाऱ्या पैशाचा जाब माणसांना विचारता येऊ लागला. पुढे 1925 साली कलकत्त्याच्या मलिक घराण्यातल्या मूर्तीच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिल आणखी एक पाऊल पुढे गेलं. मूर्ती घरातल्या एकाकडून दुसऱ्याकडे हलवण्यावरून भांडण होतं. कौन्सिलने ठरवलं की मूर्तीची बाजू मांडायला ज्याचा त्यात स्वतःचा स्वार्थ नाही असा प्रतिनिधी हवा. माझ्या सगळ्या म्हणण्याचा आधार हे वाक्य आहे.

या दर्जाने काय साधतं याचं एक सुंदर उदाहरण म्हणजे तमिळनाडूतल्या पाथूरचा नटराज. ही मूर्ती चोरीला जाऊन लंडनला पोचली. ती परत मागताना दावेदारांत खुद्द देऊळ होतं, आणि 1991 साली लंडनच्या अपील कोर्टाने पडझड झालेल्या त्या देवळाला दावेदार म्हणून मान्य केलं. इंग्लंडच्या कायद्यात देऊळ हा पक्षकार बसत नव्हता; भारताच्या कायद्यात बसतो, हे त्यांनी पुरेसं मानलं. मूर्ती घरी आली.

पण याच सातबाऱ्याची दुसरी बाजूही आहे, आणि नदीप्रेमी मंडळींनी ती नजरेआड करू नये. देव व्यक्ती असून, जमीन त्याच्या नावावर असून, देवस्थानांच्या इनामी जमिनी सरकारच्या परवानगीशिवाय विकल्या गेल्याची प्रकरणं महसूल खात्यात वर्षानुवर्षं पडून असतात. वहिवाटदाराचं नाव हळूहळू मालकाच्या जागी सरकतं, फेरफार होतो, प्लॉट पडतात. मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला 2021 साली पुन्हा सांगावं लागलं की मालक म्हणून फक्त देवाचं नाव लागेल, पुजारी निव्वळ व्यवस्थापक आहे. ज्याच्यापुढे सगळं गाव हात जोडतं त्या देवाची जमीन व्यक्तीचा दर्जा असूनही सुटत नसेल, तर नदीची कशी सुटेल? ‘नदी आई आहे’ ही भावना मला परकी नाही. पण भावनेने जमीन राखली जात असती, तर देवाची एक गुंठाही गेली नसती.

हा दर्जा ढालीसारखाही वापरता येतो, हे कंपन्यांनी जगाला दाखवलंय. लंडनच्या व्हाइटचॅपलमधल्या आरन सॉलोमन या बुटांच्या व्यापाऱ्याने आपला धंदा घरच्याच माणसांच्या कंपनीला विकला. कंपनी बुडाल्यावर तिचे घेणेकरी त्याच्या दारात आले. 1897 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाने, निकाल दिला की कंपनी निराळी ‘पर्सन’ आहे, सॉलोमन निराळा. तिचं कर्ज त्याच्या डोक्यावर नाही. व्यापार चालायला या निकालाची गरज होती, हे मी मान्य करतो. पण हीच भिंत भोपाळमध्ये कशी उभी राहिली? डिसेंबर 1984 च्या वायुगळतीनंतर अमेरिकेतली युनियन कार्बाइड सांगत राहिली की कारखाना चालवणारी भारतीय कंपनी स्वतंत्र आहे. 1989 साली 47 कोटी डॉलरवर तडजोड झाली. 2001 साली डाऊ केमिकलने युनियन कार्बाइड विकत घेतली आणि भोपाळची जबाबदारी आपली नाही, अशी भूमिका घेतली. 2023 साली वाढीव भरपाईची केंद्र सरकारची याचिकाही सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. एक पर्सन दुसऱ्या पर्सनकडे बोट दाखवत राहिली, आणि ज्यांच्या फुप्फुसांत वायू गेला ती माणसं तिथेच राहिली.

म्हणूनच नदीला दर्जा देण्याला विरोध करणाऱ्यांचा एक मुद्दा मला खरोखर वजनदार वाटतो. ते म्हणतात, अजून हाडामांसाच्या माणसांनाच व्यक्ती म्हणून वागवलं जात नाही. शब्द ताणत गेलात तर तो पातळ होईल आणि माणसाचाच तोटा होईल. आपल्या राज्यघटनेत चौदावं आणि एकविसावं कलम ‘पर्सन’ला संरक्षण देतं, एकोणिसावं फक्त नागरिकांना. या एका शब्दाच्या फरकावर अरुणाचलमधल्या चकमा निर्वासितांचा जीव 1996 साली वाचला, आणि 2014 साली तृतीयपंथीयांना चौदाव्या कलमाचं छत्र स्पष्ट शब्दांत मिळालं. इतका मोलाचा शब्द जपून वापरा, हे सांगणं रास्तच आहे. पण तो पातळ नक्की कोणामुळे झाला? रणछोडराय पर्सन झाला म्हणून कोणत्या माणसाचा कोणता हक्क गेला? हक्कांना धक्का लागतो तो ज्यांच्याकडे आधीच पैसा, वकील आणि सत्ता आहे ते या शब्दात शिरतात तेव्हा. 2010 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक प्रचारातल्या खर्चाबाबत कंपन्यांना दिलेली मोकळीक हे त्याचं ठळक उदाहरण. तेव्हा नव्या प्रत्येक दावेदाराबाबत विचारायला हवं की हा दर्जा दुबळ्याला आवाज देतोय की बलवानाला आडोसा. यंत्रबुद्धीला ‘इलेक्ट्रॉनिक पर्सन’ म्हणण्याची कल्पना 2017 साली युरोपीय संसदेच्या ठरावात आली, आणि पुढच्या वर्षी दीडशेहून अधिक जाणकारांनी तिला विरोध केला तो याच कारणाने: यंत्र व्यक्ती झालं तर नुकसानीची जबाबदारी ते बनवणाऱ्याच्या अंगावरून उतरते. मी त्या विरोधाच्या बाजूने आहे, आणि नदीच्याही. यात विसंगती नाही. नदीकडे आडोसा घेऊन लपवण्यासारखं काही नाही.

दुसरा आक्षेप पुराचा. नदी दावा लावू शकत असेल तर पुरात घर वाहून गेलेला माणूस नदीवर दावा लावेल का? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उत्तराखंड सरकारनेच तो सर्वोच्च न्यायालयापुढे मांडला होता. पण पर्सन झालं की सगळे हक्क आणि सगळी ओझी एकदम अंगावर येतात, हे मुळात खरं नाही. अज्ञान मुलाच्या नावावर जमीन असते, मत नसतं. कंपनी करार करते, पण ती नागरिक नाही, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1963 सालीच सांगितलंय. मुंबई उच्च न्यायालयात थकबाकीसाठी जहाजालाच प्रतिवादी करून अडकवून ठेवता येतं. म्हणून जहाजाला कोणी वारसा हक्क दिलेला नाही. काय द्यायचं, काय नाही, हे लिहून ठरवता येतं. मात्र ते विधिमंडळाने कलमवार लिहायला हवं. न्यायाधीशांनी एका परिच्छेदात उरकलं की पुराचा प्रश्न लोंबकळत राहतो.

उत्तराखंडात नेमकं तेच झालं. कालव्याच्या जमिनीवरच्या अतिक्रमणाचं प्रकरण समोर होतं. 20 मार्च 2017 रोजी नैनितालच्या उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुना या जिवंत, कायदेशीर व्यक्ती असल्याचं जाहीर केलं. मराठी वर्तमानपत्रांत ‘मानवी दर्जा’ असे मथळे आले आणि वादाची गाडी तिथेच रुळावरून घसरली, कारण मानव कोणी म्हटलंच नव्हतं. पालक म्हणून कोणाला नेमलं? नमामि गंगे या केंद्राच्या गंगा शुद्धीकरण योजनेचे संचालक, राज्याचे मुख्य सचिव आणि राज्याचे महाधिवक्ता. म्हणजे नदीचं रक्षण करण्यात ज्या सरकारने कसूर केली, त्याच सरकारचे अधिकारी आणि त्याच सरकारचा वकील. 1925 साली प्रिव्ही कौन्सिलने मागितलेला निःस्वार्थ प्रतिनिधी तो हाच का? आणि गंगा उत्तर प्रदेश, बिहार, बंगालमधून वाहते. डेहराडूनमध्ये बसलेल्या मुख्य सचिवाने कानपूरच्या चामड्याच्या कारखान्यांचं काय करायचं? या पालकांना नेमणूक नकोच होती. राज्य सरकार स्वतः दिल्लीला गेलं आणि 7 जुलै 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकालाला स्थगिती दिली. गंगा चार महिनेही व्यक्ती राहिली नाही.

त्याच मार्च महिन्यात न्यूझीलंडच्या संसदेने वांगानुई नदीला कायद्याने व्यक्ती केलं. तिथल्या माओरी लोकांचं या नदीसाठीचं भांडण एकोणिसाव्या शतकापासून चालू होतं. तो कायदा घाईने झालेला नाही. वाटाघाटींना वर्षं लागली आणि तो कलमांनी भरलेला आहे. नदीच्या वतीने बोलायला दोन माणसं: एक सरकारने सुचवलेला, एक नदीकाठच्या माओरी समाजाने. तडजोडीत 8 कोटी न्यूझीलंड डॉलर आणि नदीच्या आरोग्यासाठी वेगळा 3 कोटी डॉलरचा निधी. तिथे नदी शुद्ध झाली, सगळं छान झालं, असा माझा दावा नाही. पण तिथे नदीच्या बाबतीत काही बिघडलं तर कोणाच्या दारात जायचं, हे लोकांना ठाऊक आहे.

उरतो तिसरा आक्षेप, आणि माझे पर्यावरण चळवळीतले मित्रच तो घेतात: नवा दर्जा कशाला, आहेत ते कायदे वापरा. 1974 चा जलप्रदूषण कायदा आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे, 2010 पासून हरित न्यायाधिकरण आहे. बियास नदीच्या प्रकरणात 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने सरकार हे निसर्गसंपत्तीचं विश्वस्त आहे, असंही सांगितलंय. सगळं खरं. पण आपल्या नद्यांत मैलापाणी सोडतं कोण? कारखान्यांबरोबर नदीकाठच्या महापालिका आणि नगरपालिका. विश्वस्तच प्रतिवादी असेल तर दावा कोण लावणार? आज तो एखादा चिवट नागरिक स्वतःचे पैसे आणि स्वतःची वर्षं घालून लावतो, आणि तो थकला की प्रकरणही थकतं. दंड झालाच तर रक्कम एका सरकारी खात्यातून दुसऱ्या सरकारी खात्यात जाते. नदीच्या नावाचं खातंच नाही, तर भरपाई जमा कुठे व्हायची? ही जागा रिकामी आहे, आणि ती भरायला ‘पर्सन’ हा शब्द उपयोगी पडतो.

कॉर्नेलिया सोराबजींकडे इथे परत यावंसं वाटतं. सनद मिळण्याच्या कितीतरी आधी, 1904 पासून, त्या बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्ससाठी, म्हणजे ज्यांना स्वतः कारभार पाहता येत नाही अशांच्या इस्टेटी सांभाळणाऱ्या सरकारी खात्यासाठी, पडदानशीन बायकांच्या कायदा सल्लागार म्हणून काम करत होत्या. या बायकांच्या नावावर इस्टेटी होत्या. कायद्याच्या लेखी त्या मालक होत्या. पण पडद्याबाहेर येऊन बोलता येत नव्हतं आणि त्यांच्या वतीने बोलणारे पुरुष बहुधा त्याच इस्टेटीवर डोळा ठेवून असत. दर्जा होता, आवाज नव्हता. नदीला दर्जा देऊन तिला मुख्य सचिवांच्या ताब्यात देणं म्हणजे तिला तिथेच नेऊन बसवणं आहे.

सातबाऱ्यावर अल्पवयीन मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ अशी तीन अक्षरं असतात: अज्ञान पालनकर्ता. मग पालकाचं नाव. मुलाची जमीन विकायची तर त्या पालकाला कोर्टाची परवानगी काढावी लागते. इंद्रायणीसाठी कायदा करायचाच असेल तर मला त्यात याहून कमी काही नको. लोणावळ्याजवळच्या उगमापासून तुळापूरला भीमेला मिळेपर्यंतची तिची हद्द, पूररेषेसकट, नकाशावर आखलेली हवी आणि ती तिच्या नावावर लागायला हवी. पालकांत देहू-आळंदीच्या काठावरची माणसं हवीत, पाण्याचा अभ्यास असलेला कोणी हवा, आणि जी संस्था नदीत पाणी सोडते तिचा एकही अधिकारी त्यात नको. दंडाची रक्कम नदीच्या खात्यात जमा व्हावी आणि त्या खात्याचं लेखापरीक्षण दरवर्षी काठावरच्या ग्रामसभांपुढे वाचलं जावं. पालकांनी कुचराई केली तर त्यांना काढून टाकण्याचा अर्ज काठावरच्या कोणालाही करता यावा. पुराची जबाबदारी नदीवर येणार नाही, धरणातून पाणी सोडणाऱ्यावर येईल, हेही त्यातच लिहिलेलं असावं. असं विधेयक कोणी मांडलं, तर ‘नदी माणूस आहे का’ या प्रश्नावर एक मिनिटही न घालवता त्याच्या पालक नेमण्याच्या कलमावर चर्चा सुरू करायला हवी.